काळ्या-पांढऱ्या फोटोची चौकट

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथल्या जुन्या घरांत बैठकीत शिरलं की फोटो तुळईच्या खाली, भिंतीच्या पार वरच्या अंगाला रांगेनं लावलेले दिसतात आणि ते सगळे पुढे झुकलेले असतात. खालची कड दोन खिळ्यांवर टेकलेली, वरची कड तारेनं किंवा सुतळीनं धरलेली. आजोबांचा कोट-टोपीतला फोटो, शाळेचा ग्रुप फोटो, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, बाबासाहेब असे सगळे बसलेल्या माणसाकडे वाकून बघत असतात. फोटो असा झुकवण्याला कारणं होती. बैठक जमिनीवर, सतरंजीवर. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर आणि फोटो सात-आठ फुटांवर. काच भिंतीला सपाट असती, तर खालून बघणाऱ्याला तिच्यात समोरच्या झरोक्याचा उजेडच चमकताना दिसला असता. झुकवली की चमक जाते आणि चेहरा दिसतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे फोटोची पाठ भिंतीपासून सुटी राहते. मातीच्या जाड भिंती पावसाळ्यात ओल धरतात. मागून वारा खेळता राहिला की ती ओल फोटोपर्यंत सहज पोचत नाही.

आता घरं स्लॅबची झाली, बसायला दिवाण आणि सोफे आले, आणि फ्रेम एका खिळ्यावर भिंतीला चिकटून बसली. धाब्याच्या घरात पन्नास वर्षं टिकलेला फोटो सिमेंटच्या भिंतीवर पाच-सहा पावसाळ्यांत डागाळतो, तेव्हा घरचे म्हणतात, फोटोच जुना झाला. अनेकदा दोष फोटोच्या वयाचा नसतो, नव्या चौकटीचा आणि नव्या जागेचा असतो. काळ्या-पांढऱ्या फोटोला चौकट निवडताना आपण पट्टीचा रंग आणि नक्षी बघतो. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. फोटोचा पृष्ठभाग कशाला टेकतो आहे, आणि फोटोतल्या सर्वांत पांढऱ्या जागेपेक्षा पांढरं किंवा सर्वांत काळ्या जागेपेक्षा काळं असं त्याच्या शेजारी काय ठेवलं आहे, या दोन गोष्टी सांभाळल्या तर साधी पट्टीही शोभते.

आधी फोटो कशाचा असतो ते पाहू. आपल्या घरांतले विसाव्या शतकातले बहुतेक काळे-पांढरे फोटो सिल्व्हर जिलेटिन जातीचे आहेत. खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर, आणि त्यावर जिलेटिनचा पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्यात धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असतात. फोटोत जे काळं दिसतं ती चांदी असते. कण जिथे दाट तिथे काळं, विरळ तिथे करडं, नाहीतच तिथे खालचा पांढरा थर. त्याआधीच्या काळातले फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापले जात. ते तपकिरी दिसतात आणि घरांत क्वचितच सापडतात. आपल्या भागाजवळचं त्या काळाचं उदाहरण म्हणजे रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेल्या या लष्करी अधिकाऱ्यानं पुढे कॅमेरा हाती घेतला आणि रिसोडहून फार लांब नसलेल्या लोणारच्या देवळांचेही फोटो काढले. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या स्टिरिओ फोटोंचं पुस्तक १८६४ साली निघालं.

चांदीला गंधकाचा आणि दमट हवेचा त्रास होतो, हे पैंजण काळे पडलेले पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फोटोतल्या चांदीचंही तेच होतं. फोटो धुताना कागदात राहिलेलं हायपो हे रसायन गंधकयुक्त असतं. जाड कागदाचा फोटो वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या स्टुडिओत ते धुणं आखूड पडलं असेल, तर त्यात नवल नाही. असे फोटो हळूहळू पिवळट-तपकिरी होतात, आणि आधी उजळ भाग विटतात. काही फोटोंच्या कडांना, काळ्या भागांवर, निळसर आरशासारखी चमक येते. चांदी आतून सुटून पृष्ठभागावर येऊन बसलेली असते. ती कापडानं पुसू नये. पुसली की प्रतिमेचाच भाग निघून जातो.

जिलेटिनचं दुखणं वेगळं, आणि वाशीमच्या हवेत तेच जास्त घात करतं. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. संग्रहालयं फोटोंसाठी हवेतली आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्क्यांत ठेवायला बघतात. आपल्या बैठकीत वर्षभरात ती या दोन्ही टोकांच्या पलीकडे जाऊन येते. पावसाळ्यात जिलेटिन पाणी शोषून फुगतं, मऊ आणि चिकट होतं. फोटो काचेला थेट टेकलेला असेल तर ते काचेवर बसतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सुकताना तिथेच घट्ट होतं. काचेतून पाहिलं की चेहऱ्यावर ओलसर चमकणारा डाग दिसतो. तो म्हणजे चिकटलेला भाग. पुढच्या पावसाळ्यात डाग वाढतो.

असा चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पाण्यात बुडवू नये, काच तापवू नये. चेहरा काचेवर राहील आणि कोरा कागद हातात येईल. काचेसकट त्याचं स्कॅनिंग करून घ्यावं, किंवा चांगल्या कॅमेऱ्यानं सरळ समोरून, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड ठेवून फोटो काढावा. मग मूळ वस्तू आहे तशी, काच खाली ठेवून, आडवी जपून ठेवावी. ती खरंच मोलाची असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांचं मत घेता येतं. गावातल्या कुशल हातालाही हे काम सांगू नये, कारण ते कौशल्यापेक्षा रसायनाचं काम आहे.

चिकटू नये म्हणून करायचा उपाय मात्र अगदी सोपा आणि स्वस्त आहे. काच आणि फोटो यांच्यात अंतर ठेवायचं. त्यासाठीच माउंट असतो. फोटोभोवती खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा काचेला उचलून धरतो. पुष्कळ लोकांना माउंट म्हणजे शोभेचा वाढीव खर्च वाटतो आणि दुकानदारही ‘माउंट लावायचा का?’ असं हळूच विचारतो. मी तर म्हणेन, बजेट कमी असेल तर पट्टी स्वस्तातली घ्या, पण माउंट सोडू नका. माउंट नकोच असेल, तर खाचेत काचेच्या मागे चारही कडांना दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी बसवून घ्यावी, म्हणजे फोटो मागे राहतो.

इथे काचेचाही प्रश्न येतो. चमक नको म्हणून हल्ली मॅट काच सुचवली जाते. तिचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो, त्यामुळे फोटो तिला चिकटून असेल तरच तो स्पष्ट दिसतो. मधे अंतर ठेवलं की सगळं धुरकट होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोचा जीव बारीक तपशिलात आणि करड्याच्या छटांत असतो, आणि मॅट काच नेमकं तेच खाते. म्हणून साधी प्लेन काच घ्यावी आणि चमक टाळण्यासाठी जागा बदलावी, किंवा जुन्या माणसांसारखी फ्रेम जरा झुकवावी. मोठ्या फ्रेमसाठी ॲक्रिलिक चालतं. ते हलकं असतं, पडलं तरी फुटून फोटोत घुसत नाही. पण त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि धूळ ओढली जाते.

जुनी फ्रेम उघडायची वेळ आली तर घाई करू नये. पाठीमागे गंजलेल्या चुका असतात, त्याखाली पुठ्ठा किंवा पातळ फळी, आणि बऱ्याचदा घडी घातलेलं वर्तमानपत्र. ते वर्तमानपत्र फेकण्याआधी वाचा. त्यावरच्या तारखेनंतरच फ्रेम बांधली गेली, एवढं तरी त्यावरून कळतं. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, नंबर, कुणीतरी शाईनं लिहिलेली नावं असतात. त्या पाठीचाही फोटो काढून ठेवा. मग वर्तमानपत्र आणि तो पुठ्ठा मात्र परत आत घालू नका. स्वस्त पुठ्ठ्यात आणि वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं. ते काळानं आम्ल सोडतं आणि फोटोचा कागद पिवळा, ठिसूळ करतं. जुन्या माउंटच्या खिडकीच्या कडेनं फोटोवर तपकिरी रेघ उमटते, ती याच आम्लाची. फोटोला टेकणारा पुठ्ठा आम्लरहित असावा. मोठ्या शहरांत चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानांत तो मिळतो, टपालानं मागवता येतो, आणि कापून नेला तर वाशीमचा फ्रेमवालाही तो बसवून देतो.

फोटो पुठ्ठ्याला चिकटवायचा नसतो, हेही सांगायला हवं. फेव्हिकॉल, सेलोटेप, रबराचा गोंद यांतलं काहीही त्याच्या अंगाला लागू नये. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवर कागदी कोपरे असत आणि फोटो त्यांत नुसता अडकवलेला असे. तीच पद्धत फ्रेममध्ये वापरावी. फोटोला हवेप्रमाणे थोडं आकसायला-पसरायला जागा मिळते आणि उद्या काढायचा झाला तर तो जसाच्या तसा निघतो. पुढे आलेल्या, पानांना चिकट रेषा आणि वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बमांत अडकलेले फोटो या बाबतीत जास्त दुर्दैवी.

आता शेजारच्या रंगांकडे येऊ. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रपद्धतीची घोषणा झाली. त्याच वर्षी तिथेच मिशेल शेव्रल या रसायनतज्ज्ञाचा रंगांच्या परस्पर परिणामावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेव्रल गोब्लाँच्या सुप्रसिद्ध गालिचा कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका दिसतो, अशी तिथे तक्रार होती. त्यांनी लोकर तपासली तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यामुळे काळा दुबळा दिसत होता. शेजारच्या रंगाची विरुद्ध छटा डोळा आपसूक करड्यात आणि काळ्यात भरतो, हा त्यांचा निष्कर्ष. (याच शेव्रल यांनी वयाची शंभरी गाठली तेव्हा, १८८६ मध्ये, नादार या छायाचित्रकारानं त्यांची मुलाखत घेतली आणि ती चालू असताना त्याच्या मुलानं त्यांचे फोटो काढले. छायाचित्रांसह मुलाखत हा प्रकार तिथून सुरू झाला असं मानतात.)

आपल्या भिंतींना हा निष्कर्ष तंतोतंत लागू पडतो. आकाशी निळ्या भिंतीवर करडा फोटो पिवळट दिसू लागतो, गुलाबी भिंतीवर हिरवट, पिस्ता रंगावर किंचित लालसर. रंगीत फोटोत हे खपून जातं, काळ्या-पांढऱ्यात डोळ्याला खटकतं आणि कारण कळत नाही. भिंत बदलायची गरज नाही. फोटोभोवती दोन-अडीच इंच रुंद, रंग नसलेला माउंट दिला की भिंतीचा रंग फोटोपासून दूर राहतो.

माउंटचा पांढरा कुठला, यावर मात्र वेळ घालवावा. दुकानात माउंटचे कोपऱ्याचे नमुने असतात. ते फोटोवर ठेवून, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात येऊन पाहावं. साठ वर्षांपूर्वीच्या फोटोतलं धोतर आता शुभ्र राहिलेलं नसतं, सायीच्या रंगाचं झालेलं असतं. त्याच्याभोवती झगझगीत पांढरा माउंट लावला की धोतर मळकं दिसतं आणि पूर्ण फोटो आजारी वाटतो. स्वस्त पांढऱ्या कागदात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं उन्हाच्या उजेडात निळसर चमकतात, मग तर जुना फोटो अधिकच पिवळा भासतो. म्हणून माउंट फोटोतल्या सर्वांत उजळ जागेपेक्षा अर्धी छटा उतरता घ्यावा: साय, हस्तिदंती, फिका करडा. पट्टीला हाच नियम उलट्या टोकानं लागू. विटलेल्या फोटोभोवती चकचकीत काळी पट्टी बसवली की कोटाचा काळा रंग राखेसारखा दिसतो. अशा फोटोला शिसवीचा गडद तपकिरी किंवा सागवानाचा मूळ रंग चांगला. काळी पट्टी त्याच फोटोला द्यावी ज्याच्यातला काळा अजून खणखणीत आहे. सोनेरी नक्षीची रुंद पट्टी देवाच्या रंगीत तसबिरीला शोभते. तिच्या पिवळ्या झळाळीपुढे काळा-पांढरा फोटो निस्तेज होतो. कुणाला आपल्या आजीला सोन्याची चौकट द्यावीशी वाटते, त्यामागचं प्रेम मला कळतं. तेव्हा माउंटच्या आतल्या कडेला एक केसाएवढी सोनेरी रेघ मागावी. मान राखला जातो आणि चेहराही.

मापाचं उदाहरण घेऊ. फोटो ६ बाय ८ इंच, उभा. बाजूंना आणि वर अडीच इंच, खाली तीन इंच असा माउंट धरला तर फ्रेमचं आतलं माप ११ बाय साडेतेरा येतं. खाली अर्धा इंच जास्त ठेवण्याचं कारण असं की डोळा चौकटीचा मध्य खऱ्या मध्यापेक्षा जरा वर धरतो. चारही बाजू समान ठेवल्या तर फोटो घसरल्यासारखा वाटतो. कॅबिनेट साइजचा, म्हणजे साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा जुना फोटो असेल, तर त्याच्या जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव उठावदार छापलेलं असतं. माउंटची खिडकी त्या नावाच्या बाहेरून कापायला सांगावी. ते नाव झाकणं म्हणजे फोटोचा जन्मदाखला झाकणं.

पट्टीच्या साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सागवान टिकतं, पण लाकडाच्या आतल्या खाचेला वॉर्निश किंवा ॲल्युमिनियमची पातळ पट्टी हवी, कारण कच्चं लाकूडही आम्ल सोडतं. फायबरच्या पट्टीला वाळवी लागत नाही. ॲल्युमिनियमला वाळवी नाही आणि आम्लही नाही, फक्त ती जरा रुक्ष दिसते. जिथे मातीच्या भिंतीला वाळवी आहे तिथे हा रुक्षपणा मी आनंदानं पत्करेन.

कुठला फोटो मोठा करून लावायचा, हे ठरवताना काळ्या-पांढऱ्याची स्वतःची भाषा ओळखावी लागते. जुन्या काचेच्या प्लेटा आणि सुरुवातीच्या फिल्मा लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल त्यांना दिसतच नसे, म्हणून तो छापील फोटोत काळा येई. निळा मात्र पांढरा होई. त्या फोटोंत आजीच्या कपाळावरचं कुंकू काळा ठिपका दिसतं, लालभडक लुगडं काळोखासारखं आणि आभाळ कोरं. सर्व रंग टिपणारी फिल्म सर्रास झाल्यावर हे बदललं. आजकाल मोबाइलमधली ॲप जुन्या फोटोत क्षणात रंग भरतात, आणि ते काळं लुगडं बघून त्याला गडद निळा किंवा करडा देऊन मोकळी होतात. तो रंग अंदाजानं आलेला असतो. घरातल्या मुलांना मात्र पणजीचं लुगडं निळंच होतं असं कायमचं वाटू लागतं. असा रंगवलेला फोटो भिंतीवर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टुडिओत त्या काळी हातानं गाल आणि काठ रंगवलेले फोटो ही वेगळी गोष्ट. ते रंग त्याच काळातल्या माणसाच्या हातचे आहेत. ते उन्हानं फार लवकर उडतात, म्हणून त्यांना उजेडापासून जास्त जपावं.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाची यात्रा भरते. तिथल्या फेटिया-कांचळीतल्या, म्हणजे बंजारा घागरा-चोळीतल्या, वृद्ध स्त्रीचा जुना काळा-पांढरा फोटो कुणाकडे असेल, तर तो आकारानं मोठा करण्यासारखा. रंगीत फोटोत लाल-पिवळ्या रंगांकडे नजर जाते. काळ्या-पांढऱ्यात कापड मागे सरतं, आरशाचे तुकडे, चांदी आणि बांगड्यांचे पट्टे उजळून पुढे येतात आणि त्यांच्यामधून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वाचता येतात. अशा फोटोला रुंद माउंट, बारीक पट्टी आणि स्वच्छ प्लेन काच द्यावी. कारंज्याच्या कुणा कुटुंबाकडे मूर्तिजापूर–यवतमाळ छोट्या गाडीचा, म्हणजे शकुंतलेचा, वाफेच्या इंजिनासह फोटो असेल तर त्याचं गणित वेगळं. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. गाडीचा फोटो आडवा आणि लांबट असतो. त्याला उगाच तयार मापाच्या फ्रेममध्ये बसवण्यासाठी दोन्ही टोकं कापली जातात, आणि फलाटावर उभी असलेली माणसं जातात. तयार फ्रेमसाठी फोटो कधीही कापू नये, माउंटची खिडकी फोटोच्या मापानं कापावी.

चौकोनी फोटोंबद्दलही हेच. विदर्भातलंच उदाहरण आहे. सेवाग्रामला गांधीजींचे नातेवाईक कनू गांधी १९३६ नंतर त्यांचे फोटो काढू लागले. कॅमेरा आणि फिल्मसाठी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, उभं राहा-इकडे बघा म्हणायचं नाही, आणि आश्रम खर्च करणार नाही. कनूंच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौरस असते. फ्लॅश नसल्यामुळे त्या फोटोंत झोपडीतला खरा अंधार आहे, हललेली बोटं आहेत, पाठमोरी माणसं आहेत. तो अंधार उजळवून, कडा छाटून उभ्या फ्रेममध्ये घातला की अटी पाळून मिळवलेलं सगळं हातचं जातं. आपल्या घरातल्या फोटोंच्या छपाईतही हाच मोह आवरायला हवा. लॅबमधला मुलगा चेहरे गोरे करून देतो, सुरकुत्या पुसून देतो. त्याला आधीच सांगावं, डाग काढ, माणूस तसाच ठेव.

छपाईचं म्हणालो ते मुद्दाम. भिंतीवर प्रत लावावी आणि मूळ फोटो आम्लरहित पाकिटात, कोरड्या कपाटात, आतल्या खोलीत ठेवावा. एकुलता एक फोटो हार, धूप आणि ओल यांच्या स्वाधीन करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. स्कॅनिंग इंचाला किमान ६०० ठिपक्यांनी आणि रंगीत पद्धतीनं करून घ्यावं, म्हणजे पिवळेपणाही नोंदला जातो आणि नंतर तो नीट उतरवता येतो. साध्या कलर लॅबच्या कागदावर काळा-पांढरा फोटो रंगीत द्रव्यांतूनच तयार होतो, म्हणून तो किंचित हिरवा किंवा जांभळट येतो, आणि पुढे तिन्ही रंग वेगवेगळ्या वेगानं उडाले की ही छटा वाढते. परवडत असेल तर सुती कागदावर पिगमेंट शाईची छपाई घ्यावी. नागपूर-पुण्यातून ती करून मागवता येते आणि काळ्याची खोली पुन्हा मिळते.

आता जागा. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावण्याचा रिवाज आपल्याकडे आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी उजेडाच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे. दक्षिणेच्या भिंतीला समोरून उत्तरेचा उजेड मिळतो आणि वर्षाचे बरेच महिने त्यात थेट ऊन नसतं. वाशीम २० अंश अक्षांशाच्या आसपास असल्यानं जूनच्या आगेमागे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं, तेवढं पडद्यानं अडवावं. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र पूर्वेच्या दारातून रोज सकाळचं तिरपं ऊन पडतं. संग्रहालयात अशा फोटोंवर ५० ते १०० लक्स एवढाच उजेड ठेवतात, आणि दाराशी पडणारं ऊन त्याच्या शेकडो पट असतं. फक्त एक सावधगिरी: दक्षिणेची भिंत घराची बाहेरची असेल तर नैर्ऋत्येचा पाऊस तिलाच झोडपतो. मग तीच दिशा पण आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडावी. न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची सामाईक भिंत टाळावी.

हाराचा खिळा फ्रेमच्या पट्टीत न मारता वर भिंतीत मारावा आणि हार काचेपासून सुटा लोंबेल असा ठेवावा. ओल्या फुलांचं पाणी खालच्या खाचेत साचतं आणि तिथून फोटोची तळकड कुजते. काच पुसताना पाणी किंवा फवारा काचेवर न मारता कापडावर घ्यावा. अमोनिया असलेलं द्रव चांदीला घातक. दिवाळीच्या रंगरंगोटीत ऑइल पेंट लागला असेल तर फोटो तीन-चार आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवावेत. ओल्या ऑइल पेंटची वाफ चांदीवर तांबूस ठिपके उठवते, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

उंची बसणाऱ्यावरून ठरवावी. संग्रहालयात उभे प्रेक्षक असतात, म्हणून फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येतो. बैठकीत दिवाणावर बसून बोलणं होतं, तिथे तो चार फुटांच्या आसपास चालेल. सगळे फोटो एका मापाचे नसतील तर वरच्या कडा एका रेषेत न लावता मध्य एका रेषेत धरावेत, आणि काळे-पांढरे व रंगीत फोटो एकाच रांगेत मिसळू नयेत. रंगीत फोटो शेजाऱ्याचा आवाज दाबतो. फ्रेम दोन खिळ्यांवर टांगावी, म्हणजे ती एका बाजूला कलत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा लाकडाचे अर्ध्या इंचाचे ठोकळे लावावेत. भिंत आणि पाठ यांच्यात हवा राहते, आणि वरून तार जरा सैल सोडली तर झुकावही मिळतो. पाठीवर कागदी पाकीट डकवून त्यात चिठ्ठी घालावी: फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, गाव, अंदाजे साल, फोटो कुठल्या प्रसंगाचा, आणि मूळ फोटो घरातल्या कुठल्या कपाटात आहे ते. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहावी, शाईपेनची शाई ओल लागली की पसरते.